कोऱ्या डिस्कांची राखण

भिवंडीजवळच्या पूर्ण्यात कोणालाही विचारले, डिस्कवाली कुठे भेटेल, की तो गोदामांच्या ओळीतल्या एका गंजलेल्या शटरकडे बोट दाखवायचा. विनिताने जन्मात एक डिस्क विकली नाही की विकत घेतली नाही. घरी डीव्हीडी प्लेअर होता तेव्हाही तो तिला लावता येत नसे. नवरा यायची वाट बघावी लागे. तरी नाव चिकटले ते चिकटले. हाताला लागलेले डांबर रॉकेलने निघते, गावाने ठेवलेले नाव निघत नाही.

तिला हवे होते ते वेगळेच. त्या शटरमागचा गाळा तिचा होता, आणि लोकांनी तो तिचा म्हणावा, एवढीच तिची मागणी होती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर तिचे नाव होते, वीजबिलावर होते, पण माणसांच्या तोंडात नव्हते. लोक म्हणत, ‘केसरीनाथचा मधला गाळा’. केसरीनाथ तिचा बाप. त्याला जाऊन इतका काळ लोटला होता की फोटोवरचा प्लास्टिकचा हारसुद्धा विटला होता. जे बापाचे नाव घेत नसत ते म्हणत, ‘दौलतचा मधला’. दौलत तिचा थोरला भाऊ. हे ऐकले की विनिताच्या कपाळाची शीर उडायची.

केसरीनाथने खाडीकडची भातजमीन विकता विकता शेवटचा तुकडा राखला आणि त्यावर एका ओळीत तीन गाळे बांधले. तो गेल्यावर दौलतने रीतीप्रमाणे केले. रीत अशी, की भावाने बहिणीला गाडीतून निबंधकाच्या कचेरीत न्यायचे, वाटेत बरीशी साडी घ्यायची, हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची आणि येताना हॉटेलात जेवू घालायचे. बहीण सही करते, डोळे पुसते, आणि माहेरचे दार तिला उघडे राहते. विनिताही सही करायलाच निघाली होती. घरून स्वतःचे पेन घेऊन निघाली होती. कचेरीतला माणूस म्हणाला, “वाचून दाखवू का?” दौलत म्हणाला, “तिला काय वाचून दाखवता? पुढचं पान काढा.”

विनिताने पेनाला टोपण लावले. “मी न्हाय सही करत.”

“आगो, साडी घेतली ना तुला?”

“साडी बरी हाय,” ती म्हणाली आणि पिशवी काखेत मारून बाहेर आली.

साडी घेतली, सही दिली नाही. ही गोष्ट पंचक्रोशीत लग्नाच्या पंगतीपासून मयताच्या बैठकीपर्यंत सांगितली गेली. गावकीत खडाजंगी झाली, नातेवाईक दोन्हीकडून जेवून गेले, आणि शेवटी तीनपैकी एक गाळा तिच्या नावावर चढला. दौलतने मुद्दाम मधला दिला. दोन्ही अंगांना आपण, मध्ये ती. बघू कशी नांदते. त्या दिवाळीपासून तो भाऊबीजेला आला नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. विनिता भाऊ असून चंद्राला ओवाळू लागली.

“चंद्र बरा,” मोरेश्वर म्हणायचा. मोरेश्वर तिचा नवरा, धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवायचा. “साडी घेत न्हाय, सही मागत न्हाय. येतो, जातो.”

“तुमी गप बसा.”

मधल्या गाळ्याला पहिला भाडेकरू मिळाला तो भाविकशेठ. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन कानांना दोन फोन, बोलणे तुपात घोळलेले. त्याने कोऱ्या डीव्हीडींचे खोके आणून छतापर्यंत रचले. त्या काळी भिवंडीत लग्न लागले की शूटिंगवाला हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे डिस्कवर उतरवून द्यायचा. हळदीत कोण किती नाचला याचा पुरावा घरोघरी कपाटात असायचा. कोऱ्या डिस्क म्हणजे मिठासारखा खप.

विनिता भाडे न्यायला आली की खोक्यांकडे बघत उभी राहायची. डाव्या भिंतीला लागून असलेल्या खोक्यांवर अधिकची खूण, उजव्या भिंतीच्या खोक्यांवर उण्याची.

“शेठ, डिस्क तर एकच दिसते. दोन थप्प्या कशाला?”

“बहेन, दिसायला एकच. ही प्लस, ती मायनस. मोठ्या मोठ्या कंपन्यांचं भांडण आहे. डिस्कवर कसं लिहायचं हे एका गोटानं ठरवलं. दुसरा गोट बोलला, आम्ही तुमचं का ऐकू? त्यांनी वेगळी काढली. आता एकाचं मशीन दुसऱ्याची डिस्क घेत नाही. गिऱ्हाईक मला शिव्या घालतो. म्हणून मी दोन्ही ठेवतो. आपल्याला काय, भांडा.”

“भांडून त्यांना काय मिळतं?”

“हिस्सा! जगात कुठंही एक डिस्क बनली की ज्यानं शोध लावला त्याला हिस्सा द्यायचा. त्याचं लायसन्स असतं. ज्याची डिस्क चालेल तो जन्मभर बसून खाणार.”

“मग तुमच्याकडं हाय ते लायसन?”

भाविकशेठने दोन्ही फोन खिशात ठेवले. “बहेन, आधी त्यांनी आपसात मिटवावं ना, खरं कोण ते. एकाला दिलं की दुसरा दारात येतो. मिटलं की देऊ.”

विनिताला हे पटले, हेच तिचे चुकले. पण त्या मातीत वाढलेल्या कोणालाही ते पटले असते. जमिनीवर दोन भाऊबंद भांडत असले की कसणारा धान्य आपल्या घरात ठेवतो आणि म्हणतो, निकाल लागला की नेऊन देईन. असे गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेले होते, आणि त्याला कोणी चोरी म्हणत नव्हते.

एका सोमवारी प्लसवाले आले. म्हणजे कंपन्या नाही आल्या. त्या कुठे समुद्रापार. आला तो त्यांचा काळ्या कोटातला वकील, कोर्टाने नेमलेला एक तरणा कमिशनर, आणि मागे हवालदार. विना लायसन्सचा माल, जप्ती. भाविकशेठचे दोन्ही फोन बंद. पंचनामा झाला, खोके मोजले गेले. एवढा माल हलवायचा कुठे, म्हणून तो जागेवरच ठेवून, शटरला कुलूप आणि लाखेचे सील लावून जागेच्या मालकाच्या ताब्यात द्यायचे ठरले. मालकाने सुपूर्दनामा लिहून द्यायचा, की कोर्ट मागेल तेव्हा माल जसाच्या तसा हजर करीन.

“मालक कोण?” कमिशनरने विचारले.

दौलत शेजारच्या गाळ्यातून आलाच होता. “बोला साहेब. आमचाच हाय तो.”

त्याच वेळी मोरेश्वरची रिक्षा थांबली आणि विनिता उतरली. दौलतचे ते ‘आमचाच’ तिच्या कानावर पडले. पुढे काय लिहिले आहे, कशाची जबाबदारी आहे, माल किती दिवस राहणार, यातले काही तिने विचारले नाही. गर्दीतून कोपराने वाट काढत ती पुढे आली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मालक मी!”

दौलत एक पाऊल मागे सरला. तिला वाटले, हरला. तिने सही केली. ठसठशीत, संपूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. दौलत मागे सरला तो हसू लपवायला, हे तिला पुष्कळ उशिरा कळले.

पुढच्या आठवड्यात मायनसवाले आले. त्यांचा दुसरा वकील, दुसरा कमिशनर, दुसरा हुकूम. पण त्यांचा माल आत, आणि शटरवर प्लसवाल्यांची लाख. ती फोडायचा अधिकार त्यांना नव्हता. वकील शटरसमोर येरझाऱ्या घालत फोनवर ओरडला, मग त्याने त्याच शटरवर, पहिल्या सीलच्या वर वीतभर अंतर ठेवून, आपले सील ठोकून घेतले. आता गाळा उघडायचा तर दोघांनीही एकाच दिवशी, एकाच वेळी यायचे. समुद्रापार जे भांडण होते ते येऊन तिच्या शटरवर बसले, एकावर एक.

“मालक कोण?” दुसऱ्या कमिशनरने विचारले.

“मीच,” विनिता म्हणाली. आता माघार घेतली तर दौलत काय म्हणेल, या एका विचाराने तिने दुसऱ्यांदा सही केली.

मग तारखा सुरू झाल्या. प्लसवाल्यांची तारीख असली की मायनसवाले नसायचे. मायनसवाल्यांची असली की प्लसवाल्यांचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. दोघेही असले की कोर्टाचे साहेब रजेवर. विनिता सुपूर्दनाम्याची प्रत छातीशी धरून बाकावर बसायची आणि पुकारा झाला की उठून सांगायची, माल जागेवर आहे. तिला दुसरे काही विचारतच नसत. माल जागेवर आहे. जणू तिचा जन्म एवढे एकच वाक्य बोलायला झाला होता.

काही वर्षांनी मोरेश्वरने नाक्यावरच्या दुकानातून नवा प्लेअर आणला. त्यात दोन्ही डिस्क चालत. दुकानदार म्हणाला, आता सगळीच मशीनं दोन्ही घेतात, ते भांडण कधीच मिटलं. विनिता दुसऱ्याच दिवशी कोर्टात मायनसवाल्यांच्या वकिलासमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, त्यांचं मिटलं की! आता काढा सील.”

“बाई, बाजारात मिटलं असेल. आम्हाला तशा सूचना नाहीत.”

“मग जे भांडत होते ते आता काय करतात?”

“एकत्र धंदा करतात,” वकील म्हणाला आणि पुढच्या फायलीकडे वळला.

भांडणाऱ्यांनी हात मिळवले होते आणि त्यांचे भांडण तिच्याकडे सांभाळायला ठेवून दिले होते. मेलेल्या जनावराचा दोर हातात धरून उभे राहावे तसे.

आणि मग डिस्कच संपल्या. गाणी फोनवर आली, लग्ने फोनवर आली, प्लेअर भंगारात गेला. दौलतच्या गाळ्यांत आधी सुताचे बाचके होते, मग फ्रिज आले, मग ऑनलाइन मागवलेल्या मालाची खोकी. दोन्ही बाजूंना ट्रक लागायचे, हमालांचा ओरडा चालायचा, आणि मध्ये तिचे शटर दात उचकटू न देणाऱ्या म्हाताऱ्यासारखे मिटलेले. सीलांची लाख उन्हापावसात कधी झडून गेली ते कळलेही नाही. कुलूप गंजून कोयंड्याशी एकजीव झाले. लोक म्हणू लागले, दौलतच्या मधल्यात काहीतरी भानगड आहे. भानगड तिची आणि गाळा दौलतचा!

अशात एक दिवस दौलत तिच्या घरी आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. सोफ्यावर टेकला, पाणी प्यायला, पंख्याकडे बघत म्हणाला, “गरम होतंय.”

“इतक्या वर्षांनी हेच सांगाया आलास?” विनिता म्हणाली.

मोरेश्वर कोपऱ्यातून म्हणाला, “आगो, शेठ हायेत. गरम झालं तरी स्वतः येऊन सांगतात.”

दौलतने मोरेश्वरकडे दुर्लक्ष केले. घरपोच माल पोचवणारी एक मोठी कंपनी तिन्ही गाळे एकत्र घ्यायला तयार होती. मधल्या दोन भिंती पाडून एकच लांब शेड करायची. कंपनीला ओळ सलग हवी. नाहीतर दुसऱ्या गावात जागा भरपूर.

“तर मना वाटतं,” दौलत म्हणाला, “ते खोके रविवारी काढू. माझ्याकडं पोरं हायेत. टेम्पोत भरायचे, कुठं तरी टाकायचे. सील तर राहिलंच न्हाय. कोन विचारतंय?”

“कोर्ट विचारतं. मना विचारतं. तुला न्हाय.”

“मग गाळा माझ्या नावावर कर. पैसं घे आनि मोकळी हो. कोर्टाचं मी बघतो.”

विनिता उठून उभी राहिली. “दादूस, त्या दिवशी कमिशनर आला तवा तू मागं का सरलास?”

दौलतने ग्लास ठेवला. “तुलाच हवं होतं ना मालक व्हायला? झालीस.”

तो गेल्यावर मोरेश्वरने दार लावले. “एक बोलू? कुलूप गंजलंय. मी नुसता टेकलो तरी पडंल. मी टेकू का?”

“टेका. मग मी आत जाते. रोज डबा आनाल ना तुरुंगात?”

तुरुंगाची भीती होतीच. पण खरे कारण ते नव्हते. मालक म्हणून तिने आयुष्यात एकच काम केले होते, ते म्हणजे हा माल राखणे. ते खोटे ठरले तर मालकीत उरले काय? हे तिला मोरेश्वरला सांगता आले नाही. ती कढईतल्या भाजीवर राग काढत राहिली.

निजामपुऱ्याजवळ निवेदिता नावाच्या वकीलबाई राहत. घराणे भिवंडीतले जुने, वडील नगरपालिकेत कारकून होते. त्यामुळे कागद कुठे अडतो हे त्यांच्या घरात मीठमसाल्यासारखे माहीत. त्यांनी दोन्ही सुपूर्दनामे वाचले, चष्मा काढला, परत घातला.

“विनिताताई, हे दोन्ही खटले जिवंत आहेत, पण आत कोणी राहत नाही. ज्या हक्काच्या जोरावर लायसन्स मागत होते त्याची मुदत केव्हाच संपली. आज कोणीही डिस्क बनवावी, कोणाचा हिस्सा नाही.”

“मग सोडत का न्हायत?”

“कारण सोडा म्हणून अर्ज कोणी केलेलाच नाही. त्यांना गरज नाही, भाविकशेठचा पत्ता नाही. राहिलात तुम्ही.”

“मी दर तारखेला जात होते ना!”

“जात होतात. माल जागेवर आहे म्हणत होतात. मला मोकळं करा, असं म्हणालात कधी?”

विनिताने आठवून पाहिले. नव्हती म्हणाली. तिला कोणी सांगितलेच नव्हते की असे म्हणता येते.

अर्ज तयार झाला. सील काळाने झडले आहे, कोणी तोडलेले नाही. कुलूप गंजून बसले आहे, कोणी उघडलेले नाही. पुराव्यादाखल निवेदिताबाईंनी फोनवर शटरचे, कुलपाचे, कोयंड्याचे चित्रण केले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो चाळला आणि म्हणाला, “व्हिडिओ डिस्कवर द्या.”

“कशावर?”

“डीव्हीडीवर. पेन ड्राइव्हमध्ये फेरफार करता येतो. एकदाच लिहिता येते अशी डिस्क, लिफाफ्यात घालून, दाखल्यासह.”

निवेदिताबाईंनी विनिताकडे पाहिले. विनिताने छताकडे पाहिले. मोरेश्वर बाहेर जाऊन एकटाच हसून आला.

त्यानंतर तिघांनी भिवंडी पालथी घातली. धामणकर नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने विचारले, “डिस्क? ब्रेकची का?” स्टेशनरीवाला म्हणाला, होत्या, गेल्या साफसफाईत फेकल्या. अख्ख्या शहरात कोरी डिस्क नव्हती. म्हणजे होत्या, छतापर्यंत, डाव्या भिंतीला एका आणि उजव्या भिंतीला दुसऱ्या जातीच्या. पण त्या बाहेर काढण्यासाठी त्यांच्यातलीच एक बाहेर हवी होती.

“एकच काढू,” मोरेश्वर कळवळून म्हणाला. “मग त्याच डिस्कवर लिहू की आमी काहीच काढलं न्हाय.”

“तुमी रिक्षा चालवा.”

शेवटी एका म्हाताऱ्या फोटो स्टुडिओवाल्याच्या ड्रॉवरमध्ये एक मिळाली. चित्रण तिच्यावर उतरवून तिघे कोर्टात गेले. कारकुनाने ती आपल्या जुनाट कॉम्प्युटरच्या खाचेत सरकवली. मशीन घरघरले, थोडा विचार केल्यासारखे थांबले आणि डिस्क बाहेर फेकली.

“प्लस आहे,” कारकून म्हणाला. “हे मशीन जुनं आहे. याला मायनसच लागते.”

विनिताने टेबलाची कड धरली. ज्यांनी हे भांडण लावले ते हात मिळवून मोकळे झाले होते, त्यांची हक्कमुदत संपली होती, त्यांची डिस्क जगातून गेली होती. आणि इथे, या टेबलावर, एक यंत्र अजून त्यांच्या बाजूने इमानाने लढत होते.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमी सरळ गाळ्यावर चला. गाडी आमची. तिथं पायजे ती जात मिळंल.”

“असं चालत नाही, बाई.”

दुसरी डिस्क मोरेश्वरने आणली, रिक्षा स्टँडवरच्या एका दोस्ताकडून. कोरी आहे, मायनस आहे, पारखून घेतली आहे, असे तो शपथेवर सांगत होता. चित्रण उतरवायला निवेदिताबाईंनी ती मशीनमध्ये घातली, तर डीजे कडाडला आणि पडद्यावर अंगभर हळद माखलेले लोक नाचू लागले. मोरेश्वर वाकून बघत म्हणाला, “ह्यो तर आमचा दोस्त! डोक्यावर केस होते तवाचा.” एकदाच लिहिता येते अशी डिस्क, तिच्यावर ती हळद कायमची लागली होती.

तिसरी मात्र खरी निघाली. निवेदिताबाईंनी ठाण्याच्या एका ओळखीच्या वकिलाकडून आणवली. मशीनने ती घेतली. अर्ज सुनावणीला लागला. प्लसवाल्यांच्या बाजूने एक मुलगी आली. ती म्हणाली, आमच्या अशिलाची ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे आणि तिला या मालात रस नाही. मायनसवाल्यांकडून नुसते पत्र आले, मजकूर तोच. साहेबांनी विचारले, “सुपूर्ददार कोण?” विनिता उभी राहिली. या वेळी ती ‘माल जागेवर आहे’ म्हणाली नाही. म्हणाली, “साहेब, मना मोकळं करा.” साहेबांनी मान वर न करता लिहिले: मोकळे केले, मालावर कोणाचा दावा नाही, योग्य विल्हेवाट लावावी.

एवढेच. इतक्या वर्षांचे ओझे चहा निवायच्या आत उतरले. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला कोणाला तरी चपलेने मारावेसे वाटत होते, आणि समोर मारण्याजोगे कोणी नव्हते.

कुलूप कटरने कापावे लागले. शटर वर जाईना, चार जणांनी खांदा लावला. आत कोंडलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि उंदरांची पळापळ. खोके हात लावताच फुटत होते आणि आतून डिस्कांच्या चकचकीत चळती बाहेर येत होत्या. एकीवरही ओरखडा नाही, कोणाचे लग्न नाही, कोणाचा आवाज नाही. निजामपुऱ्याहून भंगारवाला आला होता. त्याने एक डिस्क वाकवून पाहिली. “आपा, प्लास्टिक के भाव जाएगा.” त्याची माणसे डाव्या भिंतीचे आणि उजव्या भिंतीचे एकाच गोणीत कोंबत होती. विनिता बघत राहिली. गोणीत कोणीच भांडले नाही.

गाळा झाडून होतो न होतो तोच दौलत कंपनीच्या माणसाला घेऊन आला. तो माणूस तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. त्याने लेझरने लांबी मोजली, भिंतींवर टकटक केली आणि खूश झाला. मग टॅब्लेटवर माहिती भरू लागला.

“ओनरचं नाव?”

“दौलत केसरीनाथ—”

“दोन नावं टाका,” विनिता म्हणाली. “दोन गाळं त्याचं, मधला माझा.”

“मॅडम, भिंती पाडल्या की ते एक युनिट होणार. सिस्टिममध्ये एका युनिटला एकच ओनर बसतो. तुम्ही यांना पॉवर ऑफ अॅटर्नी देऊन टाका, सोपं आहे.”

“मग माझा करार वेगळा करा.”

“वेगळा केला तर भिंत ठेवावी लागेल. भिंत असली तर आम्हाला जागा नको.”

विनिताने पदर खोचला. “मग असं करा. एकच नाव ना? माझं टाका. दादूस मना पॉवर देईल.”

दौलतचे तोंड उघडेच राहिले. “बाबाच्या तीन गाळ्यांवर तुझं नाव?”

“तुझं चालत होतं ना?”

“माझी गोष्ट वेगळी हाय!”

“काय वेगळी हाय, सांग ना यांना. यांच्या सिस्टिममधी भरतील.”

तरुणाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्याने बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन केला, परत आला, तुम्ही घरात ठरवून कळवा म्हणाला, आणि त्याची गाडी पुढच्या गावाच्या दिशेने गेली. ती परत येणार नाही हे धुळीकडे बघूनच कळत होते.

मग दौलत पेटला. आजूबाजूच्या गोदामांतले हमाल बाहेर आले, ट्रकवाल्यांनी इंजिने बंद केली, समोरचा चहावाला किटली धरून उभा राहिला. मोरेश्वर रिक्षाच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसला; पुढच्या फेरीची त्याला घाई दिसत नव्हती.

“आलेली लक्ष्मी घालवलीस! आख्खं गाव माझ्यावर हसंल!”

“माझ्यावर इतकी वर्सं हसलं. तू तर पुढं बसून हसलास.”

“मी का तुला सांगितलं होतं सही कराया?”

“करू नको असं तरी सांगितलंस का?”

“ऐकलं असतंस तू? जन्मात कोनाचं ऐकलंस? बाबाचं न्हाय, माझं न्हाय, सरकारी हापिसात साडी घेऊन पळालीस!”

“अजून हाय ती साडी. नेसले न्हाय एकदापन. पायजे तर घेऊन जा, वहिनीला दे!”

“नको मना साडी! नको मना काय पन! बस, तुझा गाळा घे आनि बस त्याला कवटाळून! तुझी भिंत, तुझं शटर, तुझं ते कोर्ट! लखलाभ होवो तुला!”

चहावाल्याने किटली खाली ठेवली. विनिता बोलायला निघाली होती ती थांबली.

“परत बोल.”

“काय परत बोल?”

“कोनाचा गाळा?”

“तुझा! तुझा! तुझा!” दौलत गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. शेवटच्या ट्रकापर्यंत ते ऐकू गेले. “आता काय, लिहून देऊ?”

“लिहून नको,” विनिता म्हणाली. “लिहिलेलं रगड हाय माझ्याकडं.”